नाना फडणवीसांचा चेहरा रंगवणारा जेम्स वेल्स



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, शाळेच्या आठवणीच लिहिल्या पाहिजेत असं नाही, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मला हायसं वाटलं. आठवणी सगळेच लिहिणार, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणार. गेलं वर्षभर मी एका माणसाबद्दल सवड मिळेल तसं वाचत होते. त्याचीच गोष्ट सांगते.

त्याचं असं झालं, की मागच्या दिवाळीच्या आसपास आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाना फडणवीसांचा दुर्मिळ फोटो म्हणून एक चित्र फिरलं. तो फोटो नाही, फोटो असणं शक्यच नाही, यावर दोन दिवस वाद रंगला. नाना १८०० साली गेले आणि कॅमेरा जगासमोर आला १८३९मध्ये, हे एकानं सांगितल्यावर वाद मिटला. मग दुसऱ्यानं विचारलं, की फोटो नव्हता तर नाना असेच दिसत होते हे ठरवलं कुणी? त्यावर कुणाचंच उत्तर आलं नाही आणि गाडी वाढदिवसाच्या शुभेच्छांकडे वळली. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला. धंद्यानं मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी गोष्ट पडद्यावर दिसते आहे म्हणजे ती कुठून तरी आली असणार, आणि ती कुठून आली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही, ही आमच्या कामाची सवय आहे.

तर, आज पुस्तकांत आणि मासिकांत नाना फडणवीस, सवाई माधवराव पेशवे आणि महादजी शिंदे यांचे जे चेहरे आपण पाहतो, त्यांचं मूळ बरंचसं एका माणसापाशी जातं. त्याचं नाव जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा हा चित्रकार वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास हिंदुस्थानात आला. जेमतेम सव्वाचार वर्षं तो इथे काम करत होता. त्याचा शेवटही इथेच, ठाण्यात झाला.

वेल्सचा जन्म १७४७चा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेड गावचा. हे मासेमारीचं बंदर. तिथून ॲबरडीन शहर जवळ. त्याचं शिक्षण ॲबरडीनच्या मारिशल कॉलेजात झालं, पण चित्रकला त्याला कुणी शिस्तीत शिकवली नाही. तो आपला आपणच शिकला. सुरुवातीला टिनच्या पत्र्यावर लहान लहान व्यक्तिचित्रं काढून तो अगदी कमी पैशांत विकायचा. ज्याला मोठ्या चित्रकाराकडे जाणं परवडत नाही त्याच्यासाठी हा स्वस्तातला सौदा होता. आपल्याकडे जत्रेत पाच मिनिटांत फोटो काढून देणारे असायचे, तसंच काहीसं समजा. पुढे तो लंडनला गेला. तिथे सोसायटी ऑफ आर्टिस्ट्समध्ये आणि १७८८, १७८९ या वर्षी रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याची व्यक्तिचित्रं लागली. म्हणजे नाव व्हायला सुरुवात झाली होती. पण त्या काळच्या लंडनमध्ये व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांची गर्दी होती. चाळिशी उलटलेल्या, घरी बायको आणि मुली असलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या चित्रकाराचा तिथे निभाव लागणं अवघड होतं.

अशा चित्रकारांना तेव्हा हिंदुस्थान खुणावत होता. टिली केटल हा १७६९ साली मद्रासला आला आणि पैसे मिळवून परतला. त्याच्या पाठोपाठ योहान झोफनी आला, विल्यम हॉजेस आला, थॉमस आणि विल्यम डॅनियल ही काका-पुतण्याची जोडी आली. नवाब, राजे आणि कंपनीचे साहेब यांना आपली चित्रं हवी असायची आणि ती काढणारे थोडे होते. पण मनात आलं आणि जहाजात बसलं, असं चालत नसे. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी लागे. ती मिळाल्यावर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने समुद्रातून प्रवास. वेल्सनं हे सगळं केलं आणि जुलै १७९१मध्ये तो मुंबईत उतरला.

मी हे वाचलं तेव्हा माझं आणि त्याचं वय जवळपास सारखं होतं. आपल्यातले किती जण या वयात गाव बदलायचा विचार करतील? अर्थात आपल्या जिल्ह्याला कामासाठी मुलूख सोडणं नवं नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि पोरं आजीकडे किंवा वसतिगृहात राहायची. आता आपणही पुण्यात, बंगळुरूत, दुबईत, अमेरिकेत पांगलो आहोत. त्यामुळे वेल्स आला तो राज्य करायला आला, की पोट भरायला आला, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पोट भरायलाच आला. पण ज्यांच्या आसऱ्यानं आला ते राज्य करायला आले होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

मुंबई त्या वेळी कलकत्ता किंवा मद्रासइतकी श्रीमंत नव्हती. चित्र काढून घेणारे मोजकेच होते. वेल्सनं सुरुवातीला मुंबई बेट आणि आसपासच्या परिसराची चित्रं काढली. १७९१-९२मध्ये काढलेली अशी बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर १८००मध्ये लंडनमध्ये छापली गेली. पण त्याचं नशीब उघडलं ते पुण्यामुळे आणि चार्ल्स मॅलेट या माणसामुळे.

मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, रेसिडेंट. १७८६पासून तो पुण्यात होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम होता. दरबारात कोण कुणाशी बोलतो, कुणाचं कुणाशी बिनसलं आहे, फौज कुठे निघाली आहे, ही खबर काढून वर कळवणं हे त्याचं मुख्य काम. पण त्याला खरोखरीची आवडही होती. लेणी, मूर्ती, झाडं, प्राणी, लोकांच्या चालीरीती, सगळ्याची चित्रं करून घ्यायचा त्याला नाद होता. असा धनी वेल्सला मिळाला आणि १७९२मध्ये वेल्स पुण्यात आला.

त्या वर्षीचं पुणं डोळ्यांसमोर आणून पाहा. गादीवर सवाई माधवराव. जन्म एप्रिल १७७४चा, म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा. बाप नारायणराव, मुलगा जन्मायच्या आधीच खून झालेला. कारभार सगळा नाना फडणवीसांच्या हाती. त्यातच जून १७९२मध्ये महादजी शिंदे बारा वर्षं उत्तरेत काढून पुण्यात आले. नाना आणि महादजी दोघेही मातब्बर, दोघांनाही एकमेकांचा भरवसा नाही, आणि मध्ये हा पोरगेला पेशवा. मराठ्यांच्या राजकारणातली ही तीन माणसं एकाच वेळी एकाच शहरात होती. तेवढ्यात रंगाची पेटी घेऊन हा स्कॉटिश माणूस तिथे पोचला. योगायोग म्हणा किंवा नशीब म्हणा, पण हा दीड-दोन वर्षांचाच काळ होता. फेब्रुवारी १७९४मध्ये महादजी वानवडीला वारले.

वेल्सनं तिघांचीही चित्रं काढली. त्यातलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र तैलचित्र १७९२चं. पेशवे आणि नाना बसलेले आहेत आणि पाठीमागे सेवक उभे आहेत. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्याकडच्या तोपर्यंतच्या चित्रांत राजेरजवाडे बहुधा एका बाजूनं, म्हणजे एकच डोळा दिसेल असे काढलेले असत. रंग सपाट भरलेला, दागिना नि पगडी बारकाईनं रेखलेली. त्या चित्रांची स्वतःची ऐट आहे, मी त्यांना कमी लेखत नाही. पण वेल्सच्या पद्धतीत उजेड एका बाजूनं येतो, गालाच्या एका बाजूला सावली पडते, कपाळावरची आठी आणि डोळ्यांखालचा थकवा दिसतो. नानांचा तो लांबट, कृश चेहरा बघितला की हा माणूस रात्री उशिरापर्यंत कागद वाचत बसत असेल, असं वाटतं. समोर बसलेल्या माणसाला बघून काढलेल्या चित्रात हे येतं. कल्पनेनं काढलेल्या चित्रात ते आणणं अवघड आहे.

आता त्यातल्या दुसऱ्या बाजूबद्दल. चित्र काढून घेणं ही त्या काळी राजकारणातली चाल असे. रेसिडेंटचा चित्रकार दरबारात बसतो, म्हणजे रेसिडेंटला दरबारात बसायचं आणखी एक कारण मिळतं. चित्र भेट दिलं की स्नेह वाढतो. मॅलेटला एक मोठं चित्र हवं होतं. टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांच्यात १७९०मध्ये जो तह झाला, त्याच्या दरबाराचं चित्र. शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल, पेशवे, नाना, सरदार, मानकरी आणि मधोमध तहाचा कागद घेऊन मॅलेट. स्वतःच्या कर्तबगारीचा पुरावाच म्हणा ना. गंमत अशी, की वेल्स १७९१मध्ये मुंबईत उतरला. तहाच्या दरबाराला तो हजर नव्हताच. त्यामुळे त्यानं एकेका माणसाचं वेगळं रेखाटन करायला घेतलं आणि त्यातून पुढे मोठं चित्र जुळवायचं ठरवलं. आम्ही मोठं सॉफ्टवेअर असंच छोट्या छोट्या भागांतून उभं करतो, म्हणून मला हे वाचताना ओळखीचं वाटलं.

याच काळात शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. मॅलेट आणि वेल्स यांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी वाड्यातच चित्र शिकायची सोय केली. स्थानिक कारागिरांनी नव्या पद्धतीनं, म्हणजे समोरची वस्तू बघून, मापात, सावलीसकट चित्र काढायला शिकावं, हा तिचा हेतू. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७चं. त्याच्या साठ वर्षांहून अधिक आधीची ही गोष्ट आहे.

या शाळेचा नावाजलेला विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. आडनावावरून कळतं, हा तांब्या-पितळेचं काम करणाऱ्या घरातला. हातोडीनं पत्र्यावर नक्षी ठोकणारा हात असणार, रेषेवर त्याची पकड असणार. त्यानं पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचं चित्र काढलं, पैलवान काढले, आणि मग मॅलेटनं त्याला कार्ल्याला आणि वेरूळला पाठवलं. गंगारामनं १७९३च्या सुमारास वेरूळची लेणी काढली. म्हणजे वेल्सच्या आधी वेरूळला त्याचा हा पुण्याचा विद्यार्थी जाऊन बसला होता.

इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. आपली शाळेची सहल वेरूळला गेली होती, आठवतं? आपल्या गावाहून पहाटे निघालेली एसटी, डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि कैलास लेण्यात उतरल्यावर सगळ्या वर्गाची बंद पडलेली बडबड. डोंगर वरून खाली कोरत आणून अखंड देऊळ उभं केलं, हे सरांनी सांगितलं होतं, पण ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. गंगारामनं आणि नंतर वेल्सनं नेमकं हेच काम हाती घेतलं होतं. ज्यांनी वेरूळ पाहिलं नाही, कधी पाहणार नाहीत, त्यांना कागदावर ते पटवून द्यायचं. मॅलेटनं स्वतः वेरूळला जाऊन लेण्यांचं वर्णन लिहिलं आणि ते कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेसच्या सहाव्या खंडात छापून आलं. दूरच्या अभ्यासकांपर्यंत वेरूळचं नीटस वर्णन पोचवणाऱ्या सुरुवातीच्या लेखांपैकी तो एक.

वेल्सला लेण्यांचं वेड मॅलेटकडून लागलं असेल किंवा मुळातलंच असेल. पण त्याचा व्यक्तिचित्रांचा धंदा हळूहळू बाजूला पडत गेला आणि लेणी पुढे आली, एवढं खरं. १७९३मध्ये डॅनियल काका-पुतणे मुंबईत आले, तेव्हा त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले अशी लेणी दाखवायला वेल्सच होता. नुसत्या पैशाकडे बघायचं तर सरदारांचे चेहरे रंगवण्यात जास्त होतं. लेण्यांचं चित्र कोण विकत घेणार? अंधारात, वटवाघळांच्या वासात, दिव्याच्या उजेडात मापं घ्यायची, ऊन उतरेल तसं चित्र आटपायचं. तरीही तो ते करत राहिला. या कामात त्याच्याबरोबर रॉबर्ट मेबन नावाचा मदतनीस होता. तोही चित्रकार. बाजारातली, रस्त्यावरची माणसं काढण्यात त्याचा हात बसलेला होता.

आणि मग आलं १७९५ साल. या एका वर्षात इतकं घडलं, की तारखा एकाखाली एक लिहून बघितल्या तरी अंगावर येतं. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई. खर्डा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून, पाटोदा-आष्टीच्या पलीकडे जामखेड तालुक्यात. आपल्यातल्या काही जणांची शेतं तिथून फार लांब नाहीत. मराठ्यांच्या सगळ्या सरदारांनी एकत्र येऊन निजामाला हरवलं. असे सगळे सरदार पुन्हा कधी एका झेंड्याखाली आले नाहीत. लक्षात घ्या, आपला बीडचा मुलूख तेव्हा निजामाचा. गोदाकाठचं राक्षसभुवन, जिथे १७६३मध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणजे शाळेत आपण पेशव्यांचा इतिहास पाठ केला, पण आपले खापरपणजोबा बहुधा दोन्ही फौजांनी तुडवलेल्या शेतांत उभे होते. इतिहासाच्या बाईंनी हे एकदा वर्गात म्हणून दाखवलं होतं, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही.

ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर गेल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबरला वारले. वय एकवीस. वेल्सनं काढलेला तो तरणा पेशवा चित्र पुरं झाल्यावर तीन वर्षांत संपला. आणि त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, नोव्हेंबर १७९५मध्ये, जेम्स वेल्स साष्टी बेटावर ठाण्याला वारला. लेण्यांच्या चित्रांचं काम चालूच होतं. त्याचं वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. दरबाराचं मोठं चित्र झालेलं नव्हतं. वेरूळची चित्रं छापलेली नव्हती. पीटरहेडचा माणूस, त्याला माती मिळाली ती आपल्याकडची.

माझ्या कामात एक प्रसंग हमखास येतो. कुणीतरी अर्ध्यात काम सोडून जातं, आणि त्याचं अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती येतं. त्यानं टिपणं नीट ठेवली असतील तर काम पुढे जातं, नाहीतर सगळं फेकून नव्यानं करावं लागतं. वेल्सची टिपणं नीट होती. त्याची रेखाटनं मॅलेटनं जपून ठेवली. १७९७मध्ये मॅलेट पुणं सोडून गेला, तेव्हा गंगारामची, मेबनची आणि वेल्सची चित्रं त्याच्या सामानात होती. इंग्लंडात त्यानं ती थॉमस डॅनियलकडे दिली.

डॅनियलनं त्यातून दोन कामं उभी केली. पहिलं, वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्यं. ती १८०३मध्ये छापली गेली. यासाठी ॲक्वाटिंट नावाची पद्धत वापरली होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून तो तापवतात. मग आम्लात बुडवला की राळेच्या कणांच्या मधली जागा खाल्ली जाते, आणि त्या पत्र्यावरून छापलं की कुंचल्यानं सावली दिल्यासारखा ठसा उमटतो. तांब्याचं काम करणाऱ्या घरातल्या गंगारामनं जिथे आधी जाऊन रेषा मारल्या, त्याच वेरूळची सावली शेवटी तांब्याच्याच पत्र्यावरून उतरली. त्या पुस्तकावर वेल्सचं नाव चित्रकार म्हणून छापलं आहे, ही डॅनियलची सचोटी म्हणायची.

दुसरं काम म्हणजे तहाच्या दरबाराचं ते भलंमोठं तैलचित्र. डॅनियलनं ते १८०५मध्ये पुरं केलं. तोही त्या दरबाराला हजर नव्हता. वेल्सनं समोर बसवून काढलेल्या चेहऱ्यांवरून त्यानं ते जुळवलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाचं आहे आणि त्यावर चित्रकार म्हणून नाव आहे थॉमस डॅनियलचं. त्यातले चेहरे ज्यानं ओळखले आणि टिपले, त्याचं नाव खालच्या माहितीत शोधावं लागतं.

हे सगळं परदेशात गेलं याचं वाईट वाटतं का? मला वाटतं. पण त्यापुढची हकीकत वाचली की माणूस गप्प होतो. मॅलेटनं ती चित्रं पुण्याच्या रेसिडेन्सीत ठेवली असती, तर नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली तेव्हा ती जळाली असती. शनिवारवाड्यात ठेवली असती, तर १८२८मध्ये वाड्याला आग लागली, त्यात गेली असती. तो गणेश रंगमहाल आज उरलेला नाही. आत काय होतं ते पाहायचं तर पुन्हा या चित्रांकडेच यावं लागतं. ज्यांनी राज्य बुडवलं, त्यांच्याच सामानात त्या राज्याचे चेहरे वाचले. यात उपकार मानायचे की राग धरायचा, हे माझं अजून ठरलेलं नाही. वेल्सबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. त्यानं समोर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं आणि जे दिसलं ते काढलं.

वेल्सच्या घरच्यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. त्याची थोरली मुलगी सुझॅना हिच्याशी मॅलेटनं १७९९मध्ये लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. त्यातला ह्यू पॉइंट्झ मॅलेट पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला, आणि १८५०मध्ये चढून जाऊन त्यानं माथेरान गाठलं. आपण ज्याला माथेरानचा शोध लावणारा साहेब म्हणतो, तो हाच. आजोबा ठाण्यात मरण पावला आणि पंचावन्न वर्षांनी नातू त्याच ठाण्याचा कलेक्टर म्हणून डोंगर चढत होता.

आणि गंगाराम तांबट? त्याची चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. गेंडा आहे, पैलवान आहेत, वेरूळ आहे. ब्रिटिश कलेच्या संग्रहात पुण्याचा तांबट, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. पण निदान नाव शिल्लक आहे. त्याच्या शेजारी बसून त्या चित्रशाळेत आणखी कितीतरी जण शिकले असतील. ते आपल्याला गंगारामसारखे नावानिशी भेटत नाहीत. पेशव्याच्या चित्रात मागे उभ्या असलेल्या सेवकांचे चेहरे वेल्सनं काढले, पण चित्राच्या नावात त्यांना सेवक एवढंच म्हटलं आहे.

हे वाचत असताना मला राहून राहून आपल्या शाळेच्या सभागृहातली चित्रं आठवत होती. सावित्रीबाई, टिळक, आंबेडकर, रामानंद तीर्थ. एकाच हाताची, एकाच मापाची, निळसर पार्श्वभूमीची. ती आपल्या चित्रकलेच्या सरांनी काढली होती. सुट्टीत, शाळेच्या वेळानंतर, रंगाचे पैसे अर्धे स्वतःचे घालून. सर मूळचे आपल्या भागातले नव्हते. नोकरी लागली म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. चित्राखाली त्यांनी सही केलेली मी कधी पाहिली नाही. आपण पोरं त्या चित्रांखाली बसून प्रार्थना म्हणत होतो, आणि ती काढली कुणी हे आपल्यानंतरच्या तुकड्यांना कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. सर आता नाहीत. ती चित्रं अजून भिंतीवर आहेत, असं मेळाव्याच्या तयारीला गेलेल्यांनी कळवलं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मेळाव्याच्या दिवशी आपण सगळे जमू तेव्हा सरांच्या नावाची एक छोटी पाटी त्या चित्रांशेजारी लावावी. मोठं काही नको, पितळी पट्टीवर सरांचं नाव आणि ती काढल्याची वर्षं पुरेत. खर्च मी देते. वर्षं कुणाला नक्की माहीत असतील तर कळवा. ऑफिसातल्या काकांनी जुनी रजिस्टरं बघायचं कबूल केलं आहे.

दुसरी विनंती या स्मरणिकेबद्दलच. आपल्या दहावीच्या वर्गाचा तो काळा-पांढरा फोटो मधल्या पानावर छापणार आहेत, असं कळलं. त्यात मागच्या रांगेत डावीकडून तिसरा आणि सहावा, आणि कडेला उभे असलेले आपले शिपाईमामा, यांची नावं अजून जुळलेली नाहीत. मामांना आपण सगळे मामाच म्हणायचो, त्यामुळे त्यांचं नाव कुणाच्याच लक्षात नाही. ज्यांच्या घरी त्या फोटोची प्रत असेल, त्यांनी ती काढून बघावी, आईवडिलांना विचारावं, आणि छपाईला जाण्याआधी नावं संपादकांकडे पाठवावीत.